नाव न विचारणारा आवाज

आमच्या घरात दिवस सुरू व्हायचा तो भाकरी थापल्याच्या आवाजानं. मलकापूरला आईची खानावळ होती. कऱ्हाडच्या कॉलेजांत शिकणारी तीस-पस्तीस पोरं दोन्ही वेळ आमच्याकडे जेवायची. पुढच्या खोलीत दोन लांब बाकडी, मधल्या खोलीत आम्ही चौघं, आणि मागं पत्र्याच्या शेडमध्ये एक गॅस आणि दोन चुली. सकाळी साडेआठपासून पोरांच्या हाका सुरू व्हायच्या, मावशी रस्सा, मावशी ठेचा, मावशी माझी भाकरी कडक हवी. आई तव्यावरची भाकरी उलटत उलटत त्या सगळ्यांना उत्तरं द्यायची, त्याच दमात ताईला वांगी चिरायला सांगायची आणि त्याच दमात शेजारणीला तिच्या सुनेचं बाळंतपण कसं झालं ते विचारायची. ताई तर आईच्या वरताण. अण्णा तेवढे कमी बोलायचे, पण जे बोलायचे ते खणखणीत. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते साखर कारखान्याच्या गेटवर सुरक्षारक्षक झाले होते आणि त्यांचा आवाज ट्रॅक्टरच्या आवाजावरून पलीकडे जायचा. अशा त्या घरात मी तोतरा होतो.

चार वर्षांचा होईपर्यंत म्हणे मी नीट बोलायचो. मग शब्द अडायला लागले. माझं नाव दत्तात्रय. आईनं औदुंबरला नवस केला होता, म्हणून ते ठेवलं. त्या नावातलं एकही अक्षर माझ्या बाजूचं नाही. ‘द’ म्हणताना जीभ दातांना चिकटायची ती सुटायचीच नाही, मान वाकडी व्हायची, डोळे मिटायचे. शाळेत नवे गुरुजी आले की हजेरी घेताना प्रत्येकाला उभं करून नाव सांगायला लावायचे. माझा नंबर येईपर्यंत माझा शर्ट घामानं भिजलेला असायचा. ताई दोनच वर्षं पुढं होती. मधल्या सुट्टीत ती वर्गात येऊन गुरुजींना सांगून जायची की त्याचं नाव दत्तात्रय, त्याला येतं सगळं, फक्त बोलायला लावू नका.

उपाय सगळे झाले. वेखंड मधात उगाळून चाटवलं. देवळातली घंटा उलटी धरून तिच्यात पाणी ओतलं आणि ते मला पाजलं. अण्णांचा उपाय फौजी होता. रोज सकाळी पोरं जेवायला बसायच्या आधी मी बाकड्याच्या टोकाला उभं राहून वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्यानं वाचायची. मी ‘नि, नि, नि’ करत उभा असायचो आणि अण्णा थोडा वेळ वाट बघून म्हणायचे, “निवडणूक. हं, फुडं.” त्यात राग नव्हता. उलट, पोराला ओढ्यातनं हात धरून पलीकडे न्यावं तसं ते मला त्या शब्दातून पलीकडे न्यायचे. घरात सगळेच तसं करायचे. वाक्य मी सुरू करायचो आणि पुरं दुसरंच कुणीतरी करायचं. कधी कधी ते चुकायचंही. मला ‘भूक नाही’ म्हणायचं असायचं, आई ‘भूक लागली’ म्हणून पुरं करायची आणि मी मुकाट्यानं दुसऱ्यांदा जेवायचो. आज हे आठवून मला हसू येतं. त्या वेळी मात्र हळूहळू असं वाटायला लागलं होतं की माझ्याशिवाय माझं बोलणं चालतंय, तेव्हा माझ्याशिवाय बाकीचंही चालेल.

ताईचं लग्न विट्याला झालं आणि माझं तोंडच गेलं. पुढच्या वर्षी मला सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. चित्र काढण्यात, यंत्राचे भाग कागदावर उतरवण्यात माझा हात चांगला होता. मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला पाटीलकाकूंच्या घरात मी वरची खोली घेतली. हळदीचा हंगाम असला की त्या भागात हवा पिवळी वाटायची. पोती उतरताना धूळ उडायची आणि गल्लीतली माणसं बोलता बोलता शिंकायची. काकू जैन, सूर्य मावळायच्या आत त्यांचं जेवण आटोपलेलं असायचं. काका वारले होते, मुलगा पुण्यात होता. त्या घरगुती भडंग करून ओळखीच्यांना द्यायच्या, त्यामुळे खालच्या स्वयंपाकघरातून मिरची, कढीपत्ता आणि तळलेल्या शेंगदाण्यांचा वास दुपारभर जिन्यावरून वर यायचा. पहिली दोन वर्षं बरी गेली. वर्गात मागं बसायचं, कुणाशी फार बोलायचं नाही, आराखडे चांगले काढायचे. मला वाटलं होतं, असंच निभावून जाईल.

तिसऱ्या वर्षी प्रत्येकाला वर्गासमोर उभं राहून दहा मिनिटं एका विषयावर बोलायचं होतं. मी सरांना लेखी विनंती केली होती, पण ते म्हणाले, सवय झालीच पाहिजे, पुढं नोकरीच्या मुलाखतीत काय करशील. मी उभा राहिलो. पहिल्याच शब्दावर अडलो. किती वेळ, ते मला माहीत नाही. मान वाकडी झालेली, डोळे मिटलेले, आणि कुणीतरी मोबाईलवर ते टिपत होतं. संध्याकाळपर्यंत ते आमच्या ग्रुपवर आलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शाखेच्या ग्रुपवर. मग कुणीतरी माझ्या त्या चेहऱ्याचं स्टिकर केलं. नेट बंद पडलं, गाडी उशिरा आली, निकाल लागला नाही, असं काहीही अडलं की ती पोरं माझा चेहरा पाठवायची. खरं सांगायचं तर त्यात दुष्टपणा फारसा नसावा. त्यांना ते गमतीचं वाटत होतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाही क्षणभर हसू फुटलं होतं, आणि त्या हसण्याची मला बाकी सगळ्याहून जास्त लाज वाटली.

मी कॉलेजला जाणं कमी केलं, मग बंद केलं. जेवायला मेसवर जाईना. मोबाईल उलटा ठेवून पडून राहायचो. आंघोळ दोन-दोन दिवस राहायची. कागद समोर घेतला तर रेघ कुठून सुरू करायची तेच सुचायचं नाही. रविवारी आईचा फोन यायचा, ती एकटीच पंधरा मिनिटं बोलायची आणि मी हं, हं करायचो. माझं हं करणं वेगळं झालंय हे तिला कळत नव्हतं, कारण मी कायमच हं करत आलो होतो. आणि मग तो विचार यायला लागला. आधी लांबून, म्हणजे सकाळी उठलोच नाही तर बरं, असा. नंतर जवळून. त्याबद्दल मी इथं एवढंच लिहीन की मला मरायचं होतं त्यापेक्षा हे थांबायला हवं होतं, आणि ते थांबण्याची दुसरी वाट मला दिसत नव्हती. हा फरक मला त्या दिवसांत कळला नव्हता.

फोन नंबर माझ्याकडे आधीपासून होता. कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात काउंटरच्या कडेला एक साधा कागद चिकटवलेला असायचा, मनात जीव द्यायचे विचार येत असतील तर आमच्याशी बोला, असं लिहिलेला. सांगलीतलीच एक संस्था होती. मी कितीतरी दिवस त्या कागदाकडे न बघितल्यासारखं करून बघत होतो. एकदा शेजारचं परीक्षेचं वेळापत्रक टिपतोय असं दाखवून मी मोबाईलवर त्याचाही फोटो काढून घेतला. पण फोन करणं ही गोष्ट माझ्यासाठी काय होती, हे तोतऱ्या माणसालाच कळेल. समोरासमोर निदान हातवारे करता येतात, चेहरा दिसतो. फोनवर फक्त बोलणंच असतं, आणि पलीकडचा माणूस पहिलं काय विचारतो तर नाव. शिवाय भीती होती ती वेगळीच. पोलीस येतील, घरी कळवतील, गाडीत घालून कुठंतरी नेऊन कोंडतील, किंवा आईबापाचा विचार कर म्हणून तासभर सुनावतील.

त्या दिवशी दुपारचे दोन वाजले असतील. खाली यार्डात हमालांची जेवणाची सुट्टी होती, म्हणून नेहमीचा गलका नव्हता. माझ्या मनाची अवस्था सकाळपासून फार वाईट होती, आणि ती वाईट आहे हे मला स्वतःला कळत होतं, म्हणूनच मी तो फोटो उघडला. रिंग वाजली आणि एका बाईंचा आवाज आला. “नमस्कार, मी ऐकतेय. नाव सांगायची गरज नाही. जमेल तेव्हा बोला.”

मी तोंड उघडलं. ओठ मिटले ते मिटलेच. घशातून नुसता आवाज निघाला आणि मी फोन बंद केला. कॉलेजातल्या पोरांना वाटतं तसाच मी आहे, मदत मागतानासुद्धा अडणारा, असं वाटून मी भिंतीकडे तोंड करून बसलो. पण तिनं एक गोष्ट म्हटली होती ती कानात राहिली होती. नाव सांगायची गरज नाही. मला आयुष्यात असं कुणी म्हटलं नव्हतं. पाच-दहा मिनिटांनी मी पुन्हा फोन लावला. तोच आवाज, तेच शब्द. मी पुन्हा अडलो, पण या वेळी बंद केला नाही.

“कुणीतरी आहे तिकडे हे मला कळतंय,” ती म्हणाली. “श्वास ऐकू येतोय. बोलायला जमत नसलं तरी चालेल. मी फोन ठेवणार नाही.”

त्यानंतर ती खरंच गप्प राहिली. पुन्हा पुन्हा हॅलो हॅलो केलं नाही. लांबून रिक्षाचा हॉर्न ऐकू आला, तो तिच्या बाजूचा होता. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “असं करूया का? मी विचारते. हो असेल तर फोनवर बोटानं एकदा वाजवा, नाही असेल तर दोनदा. चालेल?”

मी एकदा वाजवलं.

“जीव द्यायचे विचार मनात येतायत का?”

इतकं सरळ. त्या शब्दांना मी स्वतः मनातसुद्धा आडून हात लावत होतो, आणि तिनं ते पाणी हवंय का असं विचारावं तितक्या साधेपणानं विचारले. लोकांना वाटतं की असं विचारलं तर माणसाच्या डोक्यात नसलेलं येईल. माझ्या डोक्यात ते होतंच, विचारल्यावर फक्त ते माझ्या एकट्याचं राहिलं नाही. मी एकदा वाजवलं आणि मला रडू आलं. ती दचकली नाही. सांगितलंत ते फार बरं केलंत, म्हणाली. मग तिनं विचारलं की आजच, आत्ताच तसं काही करायच्या बेतात आहात का. मी एकदा वाजवलं, मग जरा थांबून दोनदा.

“म्हणजे पक्कं नाही, पण नाही असंही म्हणवत नाही. असंच ना?”

एकदा.

तिनं पुढं विचारलं की स्वतःला इजा होईल असं काही जवळ आहे का. मी हो म्हणून वाजवलं. ते काय होतं हे तिनं विचारलं नाही. खोलीच्या बाहेर पडा, दाराला कुलूप लावा, फोन कानालाच असू द्या, मी इथंच आहे, असं तिनं हळू सांगितलं. घाई नव्हती, पण तिनं ते तीनदा सांगितलं. मी कुलूप लावलं आणि जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर येऊन बसलो. आता कुठे आहात, असं तिनं विचारलं. हा प्रश्न हो-नाहीचा नव्हता. तिच्या ते लक्षात आलं आणि ती दुसरं काही विचारणार इतक्यात मीच बोललो. मी तोतरा आहे. एवढे तीन शब्द. किती वेळ लागला असेल ते देव जाणे. मी ‘तो’ वर अडलो होतो तेव्हा कुणालाही कळलं असतं की पुढं काय आहे. तिलाही कळलं असणार. ती काही म्हणाली नाही. शब्द मीच पुरा केला.

“बरं,” ती म्हणाली. “मला वेळ आहे.”

त्या पायरीवर बसून मी तिला सगळं सांगितलं. स्टिकरचं, मुलाखतीच्या भीतीचं, ताईचं, आईच्या रविवारच्या फोनचं, आणि मला स्वतःला हसू आलं होतं त्याचंही. ती मधे मधे विचारायची की तेव्हा काय वाटलं, किंवा सगळ्यात जड कधी होतं. एवढ्याशा गोष्टीसाठी काय, असं ती म्हणाली नाही. आईबापाचा विचार कर म्हणाली नाही. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी एक आख्खी गोष्ट सुरुवातीपासून शेवटापर्यंत स्वतःच्या तोंडानं सांगितली. बोलणं संपलं तेव्हा जिन्यावरचं ऊन दोन पायऱ्या वर गेलेलं होतं.

शेवटी तिनं दोन गोष्टी विचारल्या. आजच्या दिवस तुमच्याजवळ कोण असू शकतं, आणि संध्याकाळी पाच वाजता आम्ही तुम्हाला फोन केला तर चालेल का. मी चालेल म्हटलं. माझी वेळ चारला संपते, त्यामुळे आवाज दुसरा असेल, हेही तिनं आधीच सांगितलं, आणि तुम्ही जे बोललात त्यातलं थोडं त्यांना सांगितलं तर चालेल ना, अशी परवानगी घेतली. तुमचं बोलणं आमच्याकडेच राहतं, म्हणाली. फक्त जिवावर बेतलंय असं दिसलं तर आम्ही कुणाला तरी बोलवू, आणि तेही होईल तितकं तुम्हाला सांगूनच. खोलीची किल्ली कुणाकडे तरी देऊन टाका, असं ती फोन ठेवायच्या आधी म्हणाली.

मी काकूंच्या स्वयंपाकघरात गेलो. त्या परात मांडीशी घेऊन शेंगदाणे निवडत होत्या. मी किल्ली त्यांच्यासमोर धरली. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

“का रे, बरं नाही का तुला?”

“न… नाही,” मी म्हटलं. बरं नसताना बरं नाही असं कुणाला तरी सांगायची ही माझी दुसरी वेळ, आणि पहिली त्याच दुपारची होती.

“मग इथंच बस. वर जाऊ नको.” त्यांनी किल्ली कनवटीला खोचली आणि परातीतले अर्धे दाणे माझ्यापुढे सरकवले. पुढं काही विचारलं नाही. मी खवट दाणे वेगळे काढत राहिलो. थोड्या वेळानं त्यांनी मला दहीभात कालवून दिला, शेजारी शेंगदाण्याची चटणी आणि चमचाभर तूप. दोन दिवसांनी माझ्या पोटात अन्न गेलं.

पाच वाजता फोन आला. आवाज पुरुषाचा, वयस्कर, मधे मधे खोकणारा. खरं सांगतो, माझा विरस झाला. मला त्याच बाई हव्या होत्या. त्यात त्या काकांनी माझा एक शब्द मधेच पुरा केला. मी गप्प झालो. त्यांच्या ते ध्यानात आलं. “चुकलं माझं,” ते म्हणाले. “तुमचं तुम्ही सांगा.” त्या माफीनं मी त्यांचा झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या केंद्रात जायचं कबूल केलं. रात्री काकूंनी मला बाहेरच्या खोलीत झोपायला लावलं, आणि त्या स्वतः दार उघडं ठेवून झोपल्या.

केंद्र म्हणजे एका दुकानावरच्या दोन खोल्या. मी मनात काय काय चित्रं रंगवली होती. तिथं चार प्लास्टिकच्या खुर्च्या, एक माठ, फोनचं टेबल आणि खिडकीतून येणारा हळदीचा वास. फोनवरच्या त्या काकांनी मला चहा दिला आणि एक कोरा कागद. मनाची अवस्था बिघडायला लागते तेव्हा सुरुवातीला काय होतं ते लिही म्हणाले. लिहिण्यात मी कधीच तोतरा नव्हतो. आंघोळ टाळतो, फोन उलटा ठेवतो, जेवायला जात नाही, असं मी लिहिलं. त्याखाली, तसं झालं तर आधी काय करायचं. खोलीबाहेर पडायचं, काकूंकडे जाऊन बसायचं. आणि शेवटी, कुणाला सांगायचं. मी ताईचं नाव लिहिलं. आणखी एक, ते म्हणाले. मी पाटीलकाकू लिहिलं. आणखी एक. तिथं मी फार वेळ पेन धरून बसलो. मग ‘अण्णा’ लिहिलं आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं. काकांनी ते प्रश्नचिन्ह पाहिलं आणि राहू दिलं.

त्यांनीच मला सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवलं, पहिल्या दिवशी सोबत आले. डॉक्टरांनी सांगितलं की हा आजार आहे, नैराश्य, त्यावर औषध आहे, आणि गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील तेवढा धीर धरायचा. ते आठवडे सोपे नव्हते. तोंड कोरडं पडायचं, दिवसा झोप यायची, आणि काही फरक पडत नाही असं वाटायचं. मग एका सकाळी मी कागद पुढे घेतला आणि रेघ कुठून सुरू करायची ते मला दिसलं. वाचादोषावर उपचार करणाऱ्या बाई मिरजेला भेटल्या. त्यांनी माझं अडखळणं घालवलं नाही. न घाबरता कसं अडखळायचं ते शिकवलं. मी आजही अडखळतो. एका कारखान्यात यंत्रांची चित्रं काढतो, आठवड्यातून एकदा सगळ्यांसमोर उभा राहून बोलतो, आणि माझी पाच वर्षांची लेक मी अडलो की माझ्या तोंडाकडे बघत थांबते, कारण तिच्या आईनं तिला तसं शिकवलंय. मधल्या वर्षांत ते दिवस दोनदा परत आले. एकदा तर मी त्या संस्थेला फोन केला तेव्हा लाइन व्यस्तच लागत होती. मी कागद काढला आणि त्यावरच्या पहिल्या नावाला फोन केला. ताई विट्याहून तासाभरात आली.

सांगलीतल्या त्या पहिल्या वेळी घरी सांगितलं ते ताईच्या मार्फत. तिला मी फोनवर सांगितलं. ती आधी रडली. मग मी पुढचं सांगायला लागलो आणि एका शब्दावर अडलो, तेव्हा सवयीनं तिचं तोंड उघडल्याचं मला ऐकू आलं, आणि मग तिनं ते मिटलं. मला विचारूनच तिनं ते अण्णांच्या कानावर घातलं. दोनच दिवसांनी, दुपारी बाराच्या सुमाराला, अण्णा पाटीलकाकूंच्या दारात उभे होते. इस्त्रीचा शर्ट, पायात पॉलिश केलेले बूट, आणि पिशवीत आईनं दिलेल्या भाकऱ्या नि वांग्याची भाजी. काकूंचे आभार मानून ते म्हणाले की चार दिवस याला घरी नेतो, डॉक्टरांची परवानगी मी घेतलीय. मी त्यांना एवढं विचारून-सवरून काही करताना कधी पाहिलं नव्हतं.

सांगलीच्या स्टँडवर आम्ही कऱ्हाडच्या गाड्या लागतात तिथल्या बाकड्यावर बसलो. गाडी यायला वेळ होता. अण्णा समोर बघत म्हणाले, “ताईनं सांगितलं मला. पर तुझ्याकडनं ऐकायचंय.”

मी सुरुवात केली. अण्णांच्या समोर माझं अडखळणं कायम दुप्पट व्हायचं, तसंच झालं. मी मधेच सोडून दिलं. तेव्हा ते त्यांच्या पलटणीतल्या एका जवानाबद्दल बोलले. आमच्या घरात ते नाव मी कधी ऐकलं नव्हतं. “चांगला गडी हुता,” ते म्हणाले. “निसता गप असायचा. आमी समदे म्हणायचो, स्वभाव हाय त्याचा. कुणी इचारलंच न्हाई त्याला. मी शेजारच्या खाटंवर झोपत हुतो, मीबी न्हाई.” त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “तू बोल. दम खाऊन बोल.”

कऱ्हाडची गाडी लागली. मी उठायला लागलो, तर त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. गाडी भरली आणि गेली. मी बोलत होतो. वर्गातला तो दिवस, सकाळी वर्तमानपत्र वाचायला लावायचे तेव्हा कसं वाटायचं ते, आणि ती दुपार. काही ठिकाणी ते मान खाली घालायचे. वर्तमानपत्राचं ऐकल्यावर ते म्हणाले, “मला वाटायचं, त्यानं सुटंल.” दुसरी गाडी आली, कंडक्टरनं कऱ्हाड कऱ्हाड म्हणून आमच्याकडे बघून हाक दिली, आणि तीही गेली. तिसरी गेली तेव्हा आम्ही पिशवीतल्या भाकरीचं फडकं सोडलं आणि बाकड्यावरच जेवलो.

चौथ्या गाडीत जागा मिळाली. अण्णांनी मला खिडकीकडे बसवलं. इस्लामपूरपर्यंत मी बाहेरचा ऊस बघत होतो, पेठ नाका ओलांडला आणि मला झोप लागली. दोन महिन्यांत आली नव्हती अशी. सांगलीहून येताना मलकापूर आधी लागतं, कऱ्हाडचं स्टँड त्याच्या पुढं. मलकापूरला गाडी थांबली, माणसं उतरली, आणि अण्णांनी मला उठवलं नाही. त्यांनी कंडक्टरला हातानंच पुढं चला म्हणून खुणावलं, असं मागच्या सीटवरच्या ओळखीच्या बाईंनी नंतर आईला सांगितलं. कऱ्हाडच्या स्टँडवर गाडी अगदी रिकामी झाल्यावर त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला. उन्हं कलली होती. पिशवी त्यांनी घेतली, आणि आम्ही दोघं चालत मागं घराकडे आलो.